ॲप्ट ‘नाही’ म्हणतं तेव्हा

उबुंटू किंवा डेबियन वापरणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येते. टर्मिनल उघडून ‘सुडो ॲप्ट अपडेट’ टाइप करावं, ओळींमागून ओळी सरकाव्यात आणि शेवटी ‘ई’ या अक्षराने सुरू होणारी ओळ येऊन सगळं थांबावं. बहुतेक जण ती शेवटची ओळ उचलतात, सर्चमध्ये टाकतात आणि पहिल्या उत्तरातली आज्ञा जशीच्या तशी चिकटवतात. कधी जमतं, कधी दुखणं वाढतं. कारण शेवटची ओळ बहुधा फक्त निकाल सांगते: काही याद्या उतरवता आल्या नाहीत, जुन्याच वापरल्या. कारण मात्र आठ-दहा ओळी आधीच येऊन, सरकून वर गेलेलं असतं.

म्हणून आधी वर जा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ॲप्ट एक छोटा शब्द लिहितं. ‘हिट’ म्हणजे तुमच्याकडची यादी ताजीच आहे, ‘गेट’ म्हणजे नवी उतरवतो आहे, ‘इग्न’ म्हणजे ही सोडून दिली आणि ‘एर्र’ म्हणजे इथे अडलं. खाली ‘डब्ल्यू’ हा इशारा असतो आणि ‘ई’ ही चूक. पहिलं ‘एर्र’ सापडलं की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं काम म्हणजे कोणत्या टप्प्यावर अडलं ते ओळखणं. ‘अपडेट’ आणि ‘अपग्रेड’ ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांची सर्रास गल्लत होते. अपडेट फक्त यादी आणतं: कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती सर्व्हरवर उपलब्ध आहे, एवढंच. अपग्रेड ती पॅकेजं प्रत्यक्ष उतरवतं आणि बसवतं. त्यातही काम वाटलेलं आहे. काय घ्यायचं, कशाबरोबर घ्यायचं हे ॲप्ट ठरवतं. फायली डिस्कवर बसवण्याचं काम डीपीकेजी नावाचा जुना प्रोग्रॅम करतो. डेबियनचा प्रकल्प १९९३ साली सुरू झाला, डीपीकेजी त्याच्या पाठोपाठच आला आणि ॲप्ट १९९९च्या डेबियन २.१मध्ये. रेड हॅटच्या घराण्यात डीएनएफ आणि आरपीएम अशी जोडी आहे. नावं बदलतात, टप्पे तेच: सर्व्हरपर्यंत पोहोचणं, यादीवर विश्वास ठेवणं, निवड करणं, बसवणं.

या टप्प्यांवर ॲप्ट थांबतं ते बहुतेक वेळा बिघडल्यामुळे नव्हे. त्याने विचारपूर्वक नकार दिलेला असतो. काहीतरी जुळत नाही आणि ते न जुळता पुढे गेलं तर मशीनचं नुकसान होईल, असं त्याला दिसतं. इंटरनेटवरचे निम्मे ‘उपाय’ हा नकार मोडून काढायला शिकवतात. या प्रकरणातला सल्ला नेमका उलटा आहे.

आधी भाषेबद्दल थोडं, कारण इथे नवी मुंबईचा एक धागा आहे. खारघर रेल्वे स्थानकासमोर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या मुंबई केंद्राचं आवार आहे. पूर्वीची एनसीएसटी ही संस्था या केंद्रात विलीन झाली. या केंद्राच्या ‘जनभारती’ गटाने २००८च्या आसपास डेबियनच्या इन्स्टॉलरचं आणि खुद्द ॲप्टच्या संदेशांचं मराठी भाषांतर केलं. प्रणालीची भाषा मराठी ठेवलीत तर ॲप्ट तुमच्याशी मराठीत बोलतं. सगळं मात्र नाही. नंतरच्या आवृत्त्यांत वाढलेले संदेश इंग्रजीतच राहतात, त्यामुळे पडद्यावर खिचडी दिसते. मराठी संदेश शोधून उत्तर सापडणं अवघड; अशा वेळी आज्ञेच्या आधी ‘एलसी_ऑल=सी’ एवढं लिहायचं, म्हणजे त्या एका खेपेपुरता संदेश इंग्रजीत येतो. सी-डॅकचीच, मुख्यतः चेन्नई केंद्रात विकसित झालेली बॉस ही प्रणालीही डेबियनवर उभी आहे, त्यामुळे पुढचं सगळं तिलाही लागू पडतं.

पहिला टप्पा सर्व्हरपर्यंत पोहोचण्याचा. इथले दोष सोपे असतात. नाव सापडत नाही असा संदेश आला तर डीएनएस किंवा नेटची जोडणी बघावी. एक प्रकार मात्र फसवा आहे. नेरूळ, वाशी, कोपरखैरणेच्या कॉलेजांत किंवा हॉस्टेलांत वाय-फाय जोडलं की आधी लॉगिनचं पान येतं. ब्राउझरमध्ये ते दिसतं, ॲप्टला दिसत नाही. ॲप्ट सर्व्हरकडे सही केलेली यादी मागतं आणि मध्ये बसलेलं ते लॉगिनचं पानच यादी म्हणून त्याच्या हाती पडतं. मग संदेश येतो की सही केलेली फाइल वैध नाही, ‘नोडेटा’ मिळालं, आणि पुढे कंसात एक प्रश्न: नेटवर्कला ओळख पटवून हवी आहे का? इतक्या नेमक्या शब्दांत निदान करणारे संदेश संगणकाच्या जगात फार नाहीत. ब्राउझर उघडून लॉगिन करा, अपडेट पुन्हा चालवा, संपलं.

‘हॅश सम मिसमॅच’ हाही याच टप्प्यातला. यादीत फाइलचा एक ठसा लिहिलेला असतो आणि उतरलेल्या फाइलचा ठसा त्याच्याशी जुळत नाही. दुष्ट माणूस क्वचितच असतो. मिरर, म्हणजे मुख्य सर्व्हरची प्रत ठेवणारा सर्व्हर, त्या क्षणी स्वतःच अर्धवट ताजा झालेला असतो किंवा मधल्या प्रॉक्सीने जुनी प्रत हातात दिलेली असते. तासाभराने पुन्हा करून बघावं. तरीही तेच आलं तर भारतातला मिरर सोडून मुख्य सर्व्हर निवडावा. उबुंटूत हा बदल ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’च्या खिडकीत माउसने करता येतो.

दुसरा टप्पा यादीवर विश्वास ठेवण्याचा. आधी घड्याळाकडे येऊ. सर्व्हरवरची यादी ‘अजून वैध झालेली नाही’ आणि ती वैध व्हायला पाच तास बारा मिनिटं बाकी आहेत, असा संदेश आला की नवा माणूस चक्रावतो. यादी भविष्यातून कशी येईल? ती वेळेवरच आलेली असते. मशीनचं घड्याळ मागे असतं. आणि तो आकडा साडेपाच तासांच्या आत असेल तर भारतात राहणाऱ्याने लगेच ओळखावं. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स बहुधा जागतिक वेळ लिहितं. एकाच मशीनवर दोन्ही असतील, किंवा व्हर्च्युअल मशीनला बाहेरच्या यजमानाकडून जागतिक वेळ मिळत असेल आणि आतली प्रणाली तीच स्थानिक समजत असेल, तर साडेपाच तासांचा फरक पडतो. घड्याळ तेवढं मागे पडलं की गेल्या साडेपाच तासांत तयार झालेली प्रत्येक यादी भविष्यातली वाटते. म्हणूनच अशा वेळी उबुंटूच्या सगळ्या ओळी अडत नाहीत. मूळ आवृत्तीची यादी प्रकाशनाच्या दिवसानंतर बदलतच नाही, ती बिनतक्रार येते. वारंवार नव्याने तयार होणाऱ्या ‘अपडेट्स’ आणि ‘सिक्युरिटी’च्या ओळी तेवढ्या अडतात. नेटवरून वेळ जुळवणारी सेवा चालू केली की दुखणं जातं. ‘टाइमडेटसीटीएल’ ही आज्ञा स्थानिक वेळ, जागतिक वेळ आणि मदरबोर्डची वेळ एकाखाली एक दाखवते. तीत गोंधळ उघडा पडतो. (वेळेच्या यादीत मुंबई शोधू नका. सगळ्या भारताला तिथे कोलकाता निवडावं लागतं. १९५५पर्यंत स्वतःची वेगळी वेळ चालवलेल्या शहराला हे जरा झोंबतंच.)

जुन्या लॅबमध्ये दुसरा प्रकार दिसतो. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपतो आणि प्रत्येक सुरुवातीला मशीन कित्येक वर्षं मागे जातं. मग एचटीटीपीएसची प्रमाणपत्रंही ‘अजून लागू नाहीत’ म्हणून नाकारली जातात आणि दोष नेटवर्कवर येतो. सीआर २०३२ हा सेल कुठल्याही घड्याळजीकडे मिळतो.

ॲप्टला तारखांचं एवढं का पडलंय? समजा, मधल्या कुणी तुम्हाला सहा महिन्यांपूर्वीची अस्सल, खरी सही असलेली यादी दाखवत ठेवली, तर सही तपासून काही कळणार नाही आणि सहा महिन्यांत बुजवलेली भगदाडं तुमच्याकडे उघडीच राहतील. म्हणून सुरक्षेच्या यादीवर डेबियन मुदतीची तारीखही घालतं. ती उलटली की यादी शिळी.

सहीचं महत्त्व पटवून घ्यायचं असेल तर लांब जायला नको. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये सुरू झालेला नॉटपेट्याचा हल्ला थेट न्हावा शेवापर्यंत आला. बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहातल्या एपीएम टर्मिनल्सच्या हातात होतं. मर्स्कचे संगणक जगभर बसले तसे इथलेही बसले आणि कंटेनरची ये-जा अडली. हल्ल्याची सुरुवात एका अपडेटमधून झाली होती. एम.ई.डॉक हे युक्रेनमधलं हिशेबाचं सॉफ्टवेअर; त्याच्या अपडेट सर्व्हरमध्ये शिरून हल्लेखोरांनी अधिकृत वाटेनेच विष घरोघरी पोहोचवलं. पुढे ते ज्या वाटांनी पसरलं त्यांतली एक विंडोजमधलं भगदाड होती आणि त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. एकाच घटनेत दोन्ही टोकं आली: नको तो अपडेट घेतला गेला आणि हवा तो घेतला गेला नव्हता. मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, असं त्यांच्या अध्यक्षांनी नंतर सांगितलं. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं. ही गोष्ट विंडोजची असली तरी अपडेटची वाट म्हणजे मशीनचा महादरवाजा, हे सगळीकडे सारखंच. मर्स्कच्या सगळ्या खात्यांची माहिती ठेवणाऱ्या सर्व्हरांच्या प्रती एकजात गेल्या, एक तेवढी घानामधली वाचली. तिथे त्या वेळी वीज गेलेली होती. भारनियमनाचा असा उपयोग मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

लिनक्सच्या वितरणांत या दरवाजावर सहीचा पहारा आहे. यादीवर वितरकाच्या खासगी किल्लीने सही केलेली असते आणि ती पडताळणारी सार्वजनिक किल्ली तुमच्या मशीनवर आधीच असते. यादीत प्रत्येक पॅकेजचा ठसा असतो. म्हणजे एका सहीखाली हजारो पॅकेजं येतात आणि मिरर कुणाचाही असला तरी बिघडत नाही. ‘नो पबकी’ असा संदेश आला तर अर्थ एवढाच, की सही आहे, पण ती पडताळायला लागणारी किल्ली इथे नाही. ‘किल्लीची मुदत संपली’ हा त्याचाच भाऊ. बहुतेक वेळा दोषी ओळ बाहेरून जोडलेल्या कुठल्यातरी रिपॉझिटरीची, म्हणजे पॅकेजांच्या कोठाराची, असते: ब्राउझर, डेटाबेस, कोड लिहिण्याचं साधन. त्या प्रकाशकाच्या अधिकृत पानावरून नवी किल्ली आणावी आणि ती त्या एका रिपॉझिटरीपुरतीच ‘साइन्ड-बाय’ लिहून जोडावी. जुन्या लेखांतली ‘ॲप्ट-की’ ही आज्ञा एक किल्ली सगळ्या दारांना लावत असे. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३मधून ती काढूनच टाकली आहे. ‘ट्रस्टेड=येस’ लिहून तपासणीच बंद करण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. तो ऐकू नये.

पण कधी दोष खरोखर वितरकाचाच असतो. एप्रिल २०२५मध्ये काली लिनक्सच्या चमूने जाहीर केलं, की रिपॉझिटरीवर सही करण्याची जुनी किल्ली त्यांच्या हातातून गेली आहे. चोरीला नव्हे, तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही, एवढंच. नवी किल्ली तयार झाली आणि जगभरातल्या जवळजवळ प्रत्येक काली मशीनवर अपडेट अडलं. सायबर सुरक्षा शिकणारी मुलं हीच प्रणाली वापरतात, त्यामुळे त्या आठवड्यात अनेक लॅबमध्ये काय झालं असेल ते सांगायला नको. त्यांना एकदाच हाताने नवी किल्ली आणून ठेवावी लागली. अशा वेळी किल्लीचा ठसा अधिकृत घोषणेतल्या ठशाशी अक्षरन् अक्षर ताडून बघणं, एवढाच शहाणपणा.

‘४०४’ हा आकडा दिसला तर बहुधा यादी मागितली तिथे आता कुणी राहत नाही. उबुंटूच्या मधल्या आवृत्त्यांना नऊच महिने आधार मिळतो, मग त्या जुन्या आवृत्त्यांच्या सर्व्हरवर हलवल्या जातात. सर्व्हरच्या दुनियेत याचा मोठा दणका रेड हॅटच्या घराण्यातल्या सेंटओएसने दिला. आठव्या आवृत्तीचा आधार २०२९पर्यंतचा समजला जात होता. डिसेंबर २०२०मध्ये जाहीर झालं की तो ३१ डिसेंबर २०२१लाच संपेल. सातवी ३० जून २०२४ रोजी संपली आणि मिररची यादी देणारा पत्ताही बंद झाला. योग्य ‘बेसयूआरएल’ सापडत नाही, असा यम या तिथल्या पॅकेज-प्रोग्रॅमचा संदेश येऊ लागला. ऐरोली, रबाळे, महाप्याच्या पट्ट्यात डेटा सेंटरं आहेत आणि अशी निवृत्त प्रणाली कुठल्या ना कुठल्या रॅकवर अजून चालूच असते. पत्ता बदलून ‘व्हॉल्ट’कडे वळवला की चूक जाते आणि पॅकेजं मिळू लागतात. पण व्हॉल्ट हे संग्रहालय आहे. तिथे सुरक्षेची नवी दुरुस्ती येत नाही. चूक गायब झाली म्हणून सर्व्हर सुरक्षित झाला, असं वरिष्ठांना सांगू नये. सेंटओएसची जागा घेणाऱ्या अल्मा किंवा रॉकीकडे जाण्याचा दिवस ठरवावा.

शेवटचा टप्पा बसवण्याचा. कुलूप मिळत नाही, अमुक क्रमांकाच्या प्रोसेसने ते धरलं आहे, असा संदेश सकाळी मशीन चालू केल्याकेल्या येतो. धरणारा बहुधा ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ असतो, म्हणजे तुम्ही न सांगता सुरक्षेचे अपडेट घेणारा मदतनीस. दहा मिनिटं चहा घ्यावा. कुलपाची फाइल पुसून टाका, हा सल्ला मात्र जीवघेणा आहे. कुलूप म्हणजे ती फाइल नव्हे. फाइल तर नेहमीच तिथे असते. एका चालू प्रोसेसने कर्नलकडून त्या फाइलवर घेतलेला हक्क म्हणजे कुलूप. फाइल पुसलीत तर पहिल्याचा हक्क जुन्या फाइलवर तसाच राहतो, दुसरा नव्या फाइलवर हक्क मिळवतो आणि दोघे एकाच वेळी पॅकेजांच्या नोंदी लिहू लागतात. तलाठ्याच्या एकाच वहीत दोघांनी एकदम फेरफार चढवावेत, तसं. प्रोसेस खरंच मेली असेल तर कर्नल तिचा हक्क आपोआप सोडतो, फाइलला हात लावायची गरज उरत नाही.

१२ ऑक्टोबर २०२०चा सोमवार अनेकांना आठवत असेल. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघे उच्चदाब वाहिन्यांवरच्या बिघाडामुळे मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतली वीज एकाच वेळी गेली. करोनाचे दिवस, अर्धं शहर घरून काम करत होतं. यूपीएस नसलेल्या ज्या डेस्कटॉपवर त्या मिनिटाला अपग्रेड चालू असेल, त्यावर वीज परतल्यावर हमखास दिसणारा संदेश असा: डीपीकेजी मध्येच तुटलं, ‘कॉन्फिगर’ हा पर्याय ‘ए’ या अक्षरासह देऊन ते स्वतः चालवा. उपाय संदेशातच आहे आणि तो अक्षरशः तसाच करायचा असतो. यामागची रचना शिकण्याजोगी आहे. नवी फाइल आधी ‘डीपीकेजी-न्यू’ अशा शेपटीच्या नावाने लिहिली जाते, पूर्ण झाली की एका झटक्यात नाव बदलून जुनीची जागा घेते. मग पॅकेजची जुळणी करणारी स्क्रिप्ट चालते. पॅकेज कोणत्या पायरीवर आहे याची नोंद होत जाते: उलगडलेलं, अर्धं जुळवलेलं, बसलेलं. वीज मध्येच गेली तरी परतल्यावर डीपीकेजीला बहुधा नोंद वाचून उरलेली पायरी पुढे नेता येते. ही नोंदवहीच खराब झाली, तरी ‘व्हार’मधल्या ‘बॅकअप्स’ फोल्डरात तिच्या जुन्या प्रती सापडतात.

राहिला निवडीचा टप्पा. तिथली परस्परावलंबनाची भांडणं, म्हणजे ‘अनमेट डिपेंडन्सीज’, हा लांबचा विषय आहे. थोडक्यात, दोन घराण्यांची पॅकेजं एकत्र केलीत की ती होतात. बॉस किंवा डेबियनवर उबुंटूसाठी बनलेली पीपीए ही बाहेरची रिपॉझिटरी जोडणं हे त्याचं नेहमीचं कारण. बाहेरची रिपॉझिटरी बंद करून पुन्हा निवड करायला लावली, की बरीच गाठ सुटते. ॲप्ट काय काढणार आहे ती यादी मात्र शेवटपर्यंत वाचावी. नोव्हेंबर २०२१मध्ये लायनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हे गेमांचं ॲप बसवताना इशारा न जुमानता ‘यस, डू ॲज आय से’ हे वाक्य टाइप केलं आणि ॲप्टने आज्ञाधारकपणे सगळा डेस्कटॉप उखडून काढला. पॅकेजमध्ये दोष होताच, पण ॲप्टने आधी विचारलं होतं. त्यानंतर ॲप्टने ही पळवाट बंद केली.

आणि जागा. ‘बूट’चा वेगळा, छोटा भाग असलेल्या मशीनवर जुनी कर्नलं साठत जातात आणि एक दिवस नव्या कर्नलचं काम जागेअभावी अर्ध्यावर अडतं. मुख्य डिस्क मोकळी दिसते म्हणून माणूस चकतो. ‘डीएफ’ने प्रत्येक भाग स्वतंत्र बघावा आणि ‘ऑटोरिमूव्ह’ने जुनी कर्नलं काढावीत, फायली हाताने पुसू नयेत, कारण डीपीकेजीच्या लेखी त्या अजून तिथेच असतात. काल चालणारं आज का मोडलं हे शोधायचं असेल तर ‘व्हार’च्या ‘लॉग’मध्ये ‘ॲप्ट’ नावाच्या फोल्डरात ‘हिस्टरी’ची फाइल आहे. कोणत्या मिनिटाला, कोणत्या आज्ञेने, कोणतं पॅकेज कुठल्या आवृत्तीवरून कुठल्या आवृत्तीवर गेलं, सगळं तिथे आहे. नव्या कर्नलने मशीन उठलंच नाही तर सुरुवातीच्या ग्रबच्या मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचं कर्नल निवडता येतं. म्हणून जागा करताना चालू कर्नलच्या आधीचं एक कर्नल तसंच राहू द्यावं.